अनुमोदक लेनर्ड मिजली

आधार द्यायचे प्रकार पुष्कळ, आणि प्रत्येकाला शब्द वेगळा. कललेल्या भिंतीला टेकू, मित्राला साथ, पुढाऱ्याला पाठिंबा, बातमीला दुजोरा, आणि साहेब काही बोलला की त्याची री. आमच्या हॉकरॉइड गावच्या बोलीतही असे शब्द ढीगभर आहेत. त्यातला एक तर सरळ बिछान्यातल्या लोडावरून आला आहे. आजाऱ्याच्या पाठीशी लांबोडका लोड सरकवला की तो जरा ताठ बसतो, तसं एखाद्याची बाजू ढासळायला लागली की आमच्याकडे तिला लोड देतात. हे सगळे शब्द एका घरातले भाऊ असले तरी एकाच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवता येत नाही. भिंतीला पाठिंबा दिला म्हणून ती उभी राहत नाही, आणि पुढाऱ्याला टेकू दिला म्हटलं की त्याला राग येतो, मग ते खरं का असेना.

लेनर्ड मिजलीने मात्र जन्मभर या सगळ्यातला एकच प्रकार केला. तो अनुमोदन द्यायचा.

आमच्या खोऱ्यात दोन माणसं एकत्र आली की तिसरी गोष्ट मंडळ होते. शर्यतीच्या कबुतरांचं मंडळ, बँडचं मंडळ, चॅपेलचं म्हणजे प्रार्थनाघराचं विश्वस्त मंडळ, मयताच्या खर्चाचं मंडळ, आणि कालव्याकाठी नगरपालिकेने भाड्याने दिलेल्या भाजीच्या तुकड्यांचं मंडळ. मंडळ म्हटलं की सभा आली, आणि सभेत एकाने उठून प्रस्ताव मांडला की दुसऱ्या कोणीतरी 'अनुमोदन' म्हणावं लागतं. त्याशिवाय त्या प्रस्तावाचा जन्मच होत नाही. त्यावर चर्चा नाही, मतं नाहीत. अध्यक्ष एवढंच म्हणतो, "अनुमोदक नाही. प्रस्ताव पडला," आणि पुढच्या विषयाला हात घालतो. अनुमोदन देणाऱ्याला ती गोष्ट पटलेली असावीच असंही नाही. एका माणसाला उभं राहून बोलायचं आहे, तर त्याला एकटं पाडू नये, इतकाच त्याचा अर्थ. निदान लेनर्ड तो तसाच घ्यायचा.

चॅपेलच्या फाटकाला हिरवा रंग द्यावा, अनुमोदन लेनर्ड मिजली. फाटकाचा रंग खरवडून पुन्हा काळा द्यावा, अनुमोदन लेनर्ड मिजली. एकदा बँडच्या सभेत त्याने बँडमास्तरवरच्या अविश्वासाला अनुमोदन दिलं आणि चहानंतर त्याच बँडमास्तरच्या आभाराच्या ठरावालाही दिलं. लोक हसले. तो म्हणाला, "अरे, दोघंही बिचारे उभे होते ना." गावात त्याला सगळे अनुमोदकच म्हणायचे. लग्नाचं हिल्डानेच काढलं आणि त्यावरही हा 'अनुमोदन' म्हणाला, असं लोक सांगत. हिल्डाने ते कधी नाकारलं नाही.

हा नाद त्याला लागला तो बापामुळे. लेनर्ड तेव्हा गिरणीत पिंजणखात्यात नुकता लागला होता. चॅपेलमध्ये त्या काळी बाकांना भाडं असे. पुढची बाकं गिरणीमालकाची आणि दुकानदारांची, मागची फुकट. लेनर्डच्या बापाने वार्षिक सभेत उठून हे भाडं बंद करा असा प्रस्ताव मांडला. मागच्या बाकांवरचे सगळे त्याला घरी येऊन 'बोल, तू बोलच' म्हणून गेले होते. सभेत मात्र एकाच्याही तोंडून शब्द फुटला नाही, कारण मालक पुढे बसला होता. बाप टोपी हातात फिरवत उभा राहिला, अध्यक्षाने 'पडला' म्हटलं, मग तो बसला. पुढे तो कधीच कुठल्या सभेला गेला नाही, आणि घरात फारसा बोललाही नाही. लेनर्डच्या मनात तेव्हापासून बसलं ते बसलंच. माणूस असा उभा दिसला की लेनर्डच्या घशातून शब्द आपोआप बाहेर पडे.

आता यात चांगुलपणा आहे, हे मी मान्य करतो. पण नुसता चांगुलपणा आंधळा असतो, आणि आंधळा माणूस कुणाच्या पायावर पाय देईल ते सांगता येत नाही. लेनर्डने एकदा दिलाच.

झालं असं, की कालव्याकाठच्या तुकड्यांपैकी तीन तुकडे साइक्स घराण्याने अडवून ठेवले होते. एक हयात माणसाच्या नावावर, पण एक आजोबाच्या आणि एक काकाच्या, आणि हे दोघं कधीच मातीआड गेलेले. मेलेला आजोबा दरवर्षी झकास कांदे काढतो, असं लोक म्हणायचे. हर्बर्ट क्रॅबट्री तेव्हा मंडळाचा साधा सभासद होता, अध्यक्ष नंतर झाला. खाटकाचं दुकान, आवाज दुकानाएवढा. माणूस वाईट नव्हता, पण नियम दिसला की त्याला सुरी दिसल्यासारखं व्हायचं. त्याने प्रस्ताव आणला: तुकडा ज्याच्या नावावर, त्यानेच तो कसायचा. तो मेला किंवा त्याच्याच्याने होईनासं झालं, की तुकडा वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाकडे जायचा. बायको नाही, पोर नाही, भाऊ नाही. कसलाच अपवाद नाही. क्रॅबट्री बोलून थांबला आणि लेनर्ड म्हणाला, "अनुमोदन."

साइक्सांचे तुकडे गेले, सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्याच वर्षी म्हातारा फर्थ गेला, आणि फर्थबाईंना तिच्या गूजबेरीच्या झुडपांसकट बाहेर व्हावं लागलं. त्या वर्षी जूनमध्ये ती रोज फाटकाशी उभी राहून आत बघायची. फळं दुसऱ्या कोणी तोडली. हिल्डाने तिला एक वाडगाभर नेऊन दिली तेव्हा फर्थबाई म्हणाली, "माझीच मला देतेस होय गं," आणि वाडगा ठेवून घेतला. हिल्डा हे विसरली नाही. लेनर्ड विसरला होता.

आता तो विसरण्याचं कारणही सांगतो. लेनर्डच्या नावावर जो तुकडा होता त्यात लेनर्डने गेल्या कित्येक वर्षांत काही विशेष केलं नव्हतं. पिंजणखात्यातली धूळ आयुष्यभर छातीत भरली होती. दहा पावलं चालला की त्याला उभं राहून कुठलं तरी झाड बघावं लागे. तुकडा सगळा हिल्डाचा होता. लीकचे लांबट कांदे, रुबार्बचे आंबट दांडे, शेंगा, मागच्या कुंपणाला गोड वाटाण्याची फुलं. खणायचं तिने, खत ओढायचं तिने, आणि लेनर्ड छोट्या खोपटात खुर्चीवर बसून चहा गाळायचा. कागदोपत्री मात्र माळी तो.

आणि तेवढाच तुकडा हिल्डाला उरला होता. ती दोघं राहत होती ती जुनी आळी नगरपालिकेने पाडली आणि त्यांना नव्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर फ्लॅट दिला. फ्लॅटला गरम पाणी होतं, आत संडास होता, आणि खिडकीतून दुसरी तशीच इमारत दिसायची. शेजारणीचं नाव हिल्डाला वर्षभर माहीत नव्हतं. आळीत असताना उंबरा धुवायला बाहेर आलं की चार बायका भेटायच्या. इथे बाहेर आलं की लिफ्ट. म्हणून ती पाऊस असो, दव असो, सकाळी निघून कालव्याकाठी जायची. तिथे तिच्या हाताला काम होतं आणि कुंपणापलीकडे बोलायला माणूस होतं. पोरंबाळं झाली नव्हती.

त्या हिवाळ्यात डॉक्टरने लेनर्डला तपासलं आणि पुढच्या हिवाळ्याबद्दल काही बोललाच नाही. लेनर्डने त्यावरून काय ते ओळखलं. रात्री त्याला आडवं झोपता येत नसे. हिल्डा पाठीशी उशा रचून त्याला बसतं करायची, आणि तो तसाच बसून अंधारात विचार करायचा. आपण गेलो की तुकडा जाणार. तुकडा गेला की ही सातव्या मजल्यावर एकटी त्या समोरच्या इमारतीकडे बघत बसणार. फर्थबाईसारखी.

एके दिवशी सकाळी ओटमीलची वाटी पुढे सारत तो म्हणाला, "मी प्रस्ताव मांडणार आहे."

हिल्डाच्या हातातला चमचा थांबला. "कोण, तू?"

"वार्षिक सभेत. बायको किंवा नवरा वर्षभर बरोबर राबला असेल, तर तुकडा त्यांच्याकडे राहावा. एवढंच. हिल्डा मिजलीसाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी."

"फर्थबाईच्या वेळी हे सुचलं असतं तर बरं झालं असतं," हिल्डा म्हणाली.

"तेव्हा मी चुकलो," तो म्हणाला.

हे त्याने इतक्या साधेपणाने म्हटलं की तिला पुढे टोचता येईना. तिने वाटी उचलली, नळाखाली धरली. पाठमोरीच म्हणाली, "अनुमोदन कोण देणार? जोला सांगून ठेव."

जो पिकल्स म्हणजे शेजारच्या तुकड्यावरचा. पिकल्स म्हणजे लोणचं. आडनाव तसंच तोंडही आंबट, पण लेनर्डचा सोबती जुना. चॅपेलच्या शाळेत एका बाकावर, गिरणीत एका खात्यात.

"सांगायचं कशाला?" लेनर्ड म्हणाला.

"म्हणजे काय? त्याला माहीत नको?"

"अगं, अनुमोदन मागायचं नसतं. मागितलं की ते अनुमोदन राहत नाही, वशिला होतो. माझ्याकडे आजवर कुणी मागायला आलं होतं? मी दिलं ना? तसं कोणीतरी देईलच."

"सगळे तुझ्यासारखे नसतात, लेन."

"एवढी माणसं असतात तिथे. सगळ्यांना मी कधी ना कधी दिलंय." हे बोलताना त्याला धाप लागली. "एक तरी आवाज निघेल की नाही?"

"मी जोच्या बायकोला बोलते मग."

"हिल्डा." तो असा क्वचितच बोलायचा. "तू कुणाशी काही बोलणार नाहीस. मला भीक मागायची नाही."

ती कुणाशी बोलली नाही. तिने त्याचं ऐकलं, आणि त्यानंतर तिने जन्मभर स्वतःला त्याबद्दल शिव्या घातल्या.

वार्षिक सभा जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी, चॅपेलच्या मागच्या शाळेच्या खोलीत भरली. शनिवार असा निवडला होता की त्या दिवशी आपली रग्बीची टीम बाहेरगावी खेळत होती. नाहीतर सभेला फक्त अध्यक्ष आला असता. बायका मागच्या स्वयंपाकघरात. तिथून खोलीत चहा द्यायची एक खिडकी होती, तिचं फळकूट अर्धं वर सारलेलं असायचं. सभासद नसलेल्याला सभेत बसता येत नाही, पण खिडकीतून ऐकायला कोणी मना करत नसे. हिल्डा ब्रेडला लोणी लावत होती आणि कान खिडकीकडे होते.

नळाच्या गळतीवर बरंच बोलणं झालं. शेणखताची गाडी कुठे उलटावी यावर त्याहून जास्त. "अनुमोदन," लेनर्ड म्हणाला. पुन्हा "अनुमोदन." त्याचा आवाज आता बारीक झाला होता, पण क्रॅबट्रीला ऐकायची सवय होती, तो तोंड वर न करताच लेखणीवाल्याला खूण करायचा.

"आणखी काही?" क्रॅबट्री म्हणाला.

लेनर्ड उठला. खुर्चीची पाठ धरून उठला. खोलीत कुजबुज झाली, कारण अनुमोदक आपणहून उठलेला कुणी पाहिला नव्हता. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे लेन, संडास तिकडे आहे," आणि हशा झाला. लेनर्डही हसला.

मग तो बोलला. त्याला भाषण करता येत नव्हतं, म्हणून त्याने खरं तेच सांगितलं. म्हणाला, माझ्याच्याने आता खणणं होत नाही, बरीच वर्षं झाली होत नाही. सगळं हिल्डा करते. तुम्ही रोज बघता. मी काही फार दिवसांचा नाही. तो नियम मीच उचलून धरला होता, तेव्हा साइक्सांचं डोक्यात होतं. फर्थबाईचं काय होईल ते डोक्यात आलं नाही. तर आता माझा प्रस्ताव असा, की बरोबरीने राबणाऱ्या बायकोकडे किंवा नवऱ्याकडे तुकडा राहावा.

तो थांबला. बसला नाही, कारण अनुमोदन येईपर्यंत बसायचं नसतं.

"अनुमोदन?" क्रॅबट्री म्हणाला.

आणि मग जे झालं ते असं, की काहीच झालं नाही.

मी त्या खोलीतल्या पुष्कळ जणांशी नंतर बोललो आहे. एकाच्याही मनात लेनर्डविरुद्ध काही नव्हतं. मतं घेतली असती तर प्रस्ताव सहज पास झाला असता, हे मला त्यांतल्या निम्म्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. पण पहिला आवाज कोणी काढायचा? क्रॅबट्रीचा नियम, क्रॅबट्री समोर बसलेला. शिवाय यादीत प्रत्येकाचं कोणी ना कोणी होतं. कुणाचा जावई, कुणाची मेहुणी. हे झालं वरवरचं. खरं कारण मला वाटतं याहून साधं आहे, आणि म्हणूनच जास्त वाईट. प्रस्ताव झाल्यावर मध्ये जी शांतता पडते ती भरायची कुणाला सवयच राहिली नव्हती. इतकी वर्षं ती एकाच माणसाने भरली होती. सगळे त्याच्या आवाजाची वाट बघत होते, आणि तो तर उभा होता.

"कोणी आहे का?" क्रॅबट्रीने पुन्हा विचारलं. त्यालाही बरं वाटत नव्हतं, हे दिसत होतं. त्याने चष्मा काढला, पुसला. त्याच्या परीने तो वेळ देत होता.

जो पिकल्सने तोंड उघडलं. हे हिल्डाने खिडकीतून पाहिलं. त्याने तोंड उघडलं, इकडेतिकडे बघितलं, आणि मिटून आपल्या बुटांकडे बघू लागला.

"अध्यक्ष महाराज," लेनर्ड म्हणाला, "मी स्वतःच..."

"नाही लेन. ज्याचा प्रस्ताव त्याचं अनुमोदन चालत नाही. तुला काय सांगायचं, तुला तर आमच्यापेक्षा जास्त माहीत." क्रॅबट्रीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "अनुमोदक नाही. प्रस्ताव पडला."

लेनर्ड बसला. स्वयंपाकघरात कोणीतरी किटलीचं झाकण पाडलं, आणि हिल्डाने ते उचलून जागेवर ठेवलं.

एवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. लेनर्डच्या नावाने हिल्डा आणखी काही महिने, कदाचित वर्षभर, गुपचूप राबली असती. सगळे डोळ्यांवर कातडं ओढून बसलेच होते. पण आता त्याने भर सभेत स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की माझ्याच्याने खणणं होत नाही. मागायला गेला आणि होतं तेही पुढ्यात मांडून बसला. तेल गेलं, तूपही गेलं.

क्रॅबट्रीने घसा खाकरला. "आता एक अडचण झाली आहे," तो म्हणाला. "लेन जे बोलला ते आपण सगळ्यांनी ऐकलं. ऐकलेलं न ऐकल्यासारखं करता येत नाही. उद्या यादीतला माणूस येऊन विचारेल. नियम सगळ्यांना सारखा. मी अध्यक्ष, मला प्रस्ताव मांडता येत नाही. कोणीतरी मांडा."

कोणी हललं नाही. क्रॅबट्रीने खजिनदाराकडे बघितलं. खजिनदार डेनिस ल्यूटी, बँकेतला कारकून, तरुण, सभ्य, आणि इतका बुजरा की स्वतःच्या लग्नात त्याने आपलं नाव दोनदा चुकवलं होतं. अध्यक्ष आपल्याकडे बघतो म्हणजे उठायला हवं, एवढंच त्याला कळलं. तो उठला.

"मी... मिजलींचा तुकडा मार्चअखेर यादीतल्या पहिल्या... म्हणजे, नियमाप्रमाणे... असा प्रस्ताव मांडतो," डेनिस म्हणाला. पुढचं त्याला सुचेना. तो तसाच उभा राहिला.

"अनुमोदन?"

पुन्हा ती शांतता. या वेळी ती लाजेची होती. कोण म्हणणार होतं? लेनर्ड समोर बसलेला, हिल्डा खिडकीत. माणसं टोप्यांकडे, छताकडे, घड्याळाकडे बघत होती. डेनिसचे कान लाल झाले, मग मान. त्याला बसताही येईना आणि पळताही येईना. त्याचे हात कोटाच्या बटणाशी चाळा करायला लागले. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याला कोणीतरी उठवलं होतं, इतकंच.

सगळ्यांनी थोडा वेळ थांबायला हवं होतं. आणखी थोडा वेळ कोणी काही बोललं नसतं तर क्रॅबट्री 'पडला' म्हणाला असता, आणि मला खात्री आहे की तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला असता. अख्खी खोली त्याचीच वाट बघत होती. हिल्डाही.

"अनुमोदन," लेनर्ड म्हणाला.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. त्याचा हात खांद्याएवढा वर गेला होता. त्याने स्वतःच त्या हाताकडे बघितलं, आणि मग खाली घेतला. लेखणीवाल्याला करायची क्रॅबट्रीची खूण अर्ध्यातच थांबली. "लेन, तू नक्की..." तो म्हणाला.

"बसू दे त्याला, हर्बर्ट," लेनर्ड म्हणाला. "किती वेळ उभा ठेवतोस पोराला?"

डेनिस बसला. मग मतं झाली. एकदा अनुमोदन मिळालं की आमच्याकडे हात वर जायला वेळ लागत नाही. एकेक करून गेले, सगळे माना खाली घालून. जोचाही गेला.

चहाच्या वेळी हिल्डाने सगळ्यांना सॅंडविच वाढले. मांस भरलेली पोर्क-पायची कचोरी कापून बशीत ठेवली. कुणी 'थँक यू हिल्डा' म्हटलं तर ती मान हलवायची. लेनर्डच्या शेजारी येऊन जो बसला. त्याने चहात साखर घातली, ढवळली, पुन्हा ढवळली.

"मला वाटलं, कोणीतरी म्हणेल," जो म्हणाला. "नेहमी म्हणतंच कोणीतरी."

"कोणीतरी म्हणजे मीच होतो, जो."

"हो रे," जो म्हणाला. "ते आता लक्षात आलं."

त्यावर लेनर्डने त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढीही मारायला नको होती, असं माझं मत आहे.

घरी जायचा रस्ता चढाचा. दुपार संपत आली होती, आकाश पाडलेल्या आळीच्या मातीसारखं. लेनर्ड चार पावलं चालायचा, भिंत धरून थांबायचा, पुन्हा चालायचा. हिल्डा रिकामी टोपली घेऊन त्याच्या वेगाने चालत होती. वळणावर चॅपेल दिसेनासं झालं.

"हात का वर केलास?" तिने विचारलं.

लेनर्डने दम घेतला. "डेनिस एकटाच उभा होता गं. बिचाऱ्याचे कान बघायचे होतेस. कोणीच काही बोलेना."

हिल्डाने टोपली या हातातून त्या हातात घेतली.

"आणि मी?" ती म्हणाली. "मी पण उभीच होते, लेन. आत, किटली धरून. मी नाही दिसले तुला?"

तो भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच सुचलं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की तिला रागावताही येईना. ती ओरडली असती, रडली असती, तर त्याला काहीतरी म्हणता आलं असतं. ती नुसती उभी होती, त्याचा दम परत यायची वाट बघत.

इमारतीत लिफ्ट बंद पडली होती. तिथे ती अधूनमधून अशी बंद पडे. सात मजले चढायचे म्हणजे लेनर्डला कोणीतरी धरायला हवं. हिल्डाने टोपली कोपराला अडकवली, त्याच्या काखेत खांदा घातला, आणि दोघं चढू लागली. प्रत्येक वळणावर थांबत, खोकत, पुन्हा चढत. मार्चअखेर तुकडा गेला, मे महिन्यात लेनर्ड गेला, आणि त्या मधल्या सगळ्या दिवसांत तिने त्या सभेचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याने दोनदा काढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती उठून खिडकीशी गेली आणि समोरच्या इमारतीकडे बघत उभी राहिली.